उसना पुरावा

कॅन्सरचं निदान झालेल्या घरात पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी लिंगझी या चिनी औषधी बुरशीच्या कॅप्सूलची बाटली आणून देतं. आणणारा कधी नेटवर्क मार्केटिंगमधला असतो, तर कधी खरोखरच काळजीपोटी आलेला. मग घरात वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, चीनमध्ये दोन हजार वर्षं लोक हे घेतायत, ते काय वेडे आहेत का? दुसरा, बहुधा विज्ञान शिकलेला भाचा किंवा पुतण्या, म्हणतो की हे सगळं थोतांड आहे, पुरावा शून्य. त्यावर पहिला मोबाइल काढून शोधनिबंध दाखवतो: हे बघ, लिंगझीतल्या पॉलिसॅकराइडनं उंदरांमधली गाठ आटली. दुसरा तो न वाचताच 'चिनी शोधनिबंधांवर कोण विश्वास ठेवणार' म्हणून हात झटकतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि वैद्य-डॉक्टरांच्या चर्चांमध्ये हाच वाद थोड्या जड शब्दांत चालतो. एका बाजूला प्राचीन ज्ञान, दुसऱ्या बाजूला आधुनिक विज्ञान, आणि मध्ये ती बाटली तशीच. तिच्यात नेमकं काय आहे, हे कुणी विचारत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चिनी औषधी वनस्पतींमधली पॉलिसॅकराइडं ही गांभीर्यानं घ्यायची द्रव्यं आहेत आणि त्यांना सरसकट थोतांड म्हणणं हे अज्ञान आहे. पण त्यांच्या नावानं बाजारात जे विकलं जातं, त्यातल्या बहुतेक मालाला स्वतःचा पुरावा नसतो, उसना असतो. उंदराच्या पोटात टोचलेल्या शुद्ध द्रव्याचा निष्कर्ष माणसानं गिळायच्या कॅप्सूलला लावला जातो. जपानमध्ये एका बुरशीवर झालेली चाचणी दुसऱ्याच वनस्पतीच्या पाकिटावर झळकते. आणि या सगळ्याला वरून परंपरेचा शिक्का. म्हणून वनस्पती किती जुनी, हा वाद मला निरर्थक वाटतो. कोणता रेणू, कोणत्या मार्गानं, कोणत्या रुग्णाला, कशासाठी, एवढीच चौकशी करायला हवी, आणि ती प्रत्येक मालाची वेगळी करायला हवी.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी. भातातला स्टार्च ही अशीच एक साखळी, कापसातला सेल्युलोज ही दुसरी. औषधी म्हणून ज्यांची चर्चा होते त्या साखळ्या बहुतेक करून जास्त गुंतागुंतीच्या असतात: त्यांना फांद्या असतात, एकाच साखळीत दोन-चार प्रकारच्या साखरा असतात. हुआंगची या चिनी मुळाचं उदाहरण घेऊ. ॲस्ट्रागॅलस या शेंगवर्गीय वनस्पतीचं हे मूळ चिनी औषधांच्या दुकानात तिरक्या कापलेल्या, पिवळट, तंतुमय चकत्यांच्या रूपात मिळतं. या चकत्या तास-दोन तास पाण्यात उकळल्या, काढा गाळून आटवला आणि त्यात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओतलं की मघापर्यंत निवळ दिसणाऱ्या काढ्यात पांढुरके पुंजके धरतात. रात्रभर थंडीत ठेवलं की ते तळाशी बसतात. हा साका म्हणजे कच्चं पॉलिसॅकराइड. चीनमधल्या औषध कारखान्यांत वनस्पतींची इंजेक्शनं बनवताना हा साका अशुद्धी म्हणून काढून टाकायची रीत होती. पाण्यात अर्क काढायचा, अल्कोहोलनं साका पाडायचा आणि वरचं निवळ तेवढं घ्यायचं. काल जे फेकलं त्यालाच आज कार्यकारी घटक म्हणायचं, यात गैर काही नाही. नवं कळलं की मत बदलतं. पण मग परंपरेला हे आधीपासूनच ठाऊक होतं, असा दावा करता येत नाही. परंपरेला काढा ठाऊक होता. साका प्रयोगशाळेला सापडला.

आता विरोधकांनी, म्हणजे 'पुरावा शून्य' म्हणणाऱ्यांनी, ज्याकडे पाठ फिरवली आहे ते बघू. 1969 साली जपानच्या गोरो चिहारा यांच्या गटानं शिताके अळंबीतून लेंटिनान नावाचं पॉलिसॅकराइड वेगळं काढलं आणि त्यानं उंदरांमधल्या गाठी नाहीशा होतात असं दाखवलं. जपानमध्ये 1985 साली जठराच्या कॅन्सरसाठी, केमोथेरपीच्या जोडीला, त्याला मान्यता मिळाली. त्याआधी 1977 साली युनझी या बुरशीपासून काढलेलं क्रेस्टिन तिथं मान्य झालं होतं. (बुरशी ही शास्त्रानुसार वनस्पती नव्हे, पण चिनी औषधसंग्रहात ती मुळ्या-सालींच्याच रांगेत बसते.) हे क्रेस्टिन तोंडानं घ्यायचं. 1994 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 262 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या या रुग्णांपैकी काहींना नुसती केमोथेरपी दिली, काहींना केमोथेरपी आणि क्रेस्टिन. पाच वर्षांनी पहिल्या गटातले 60 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 73 टक्के. पुढे 2007 मध्ये अशा आठ चाचण्यांमधल्या 8,009 रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा फायदा लहान पण खरा दिसला. हुआंगचीपासून बनवलेल्या पॉलिसॅकराइडच्या इंजेक्शनला तैवाननं 2010 साली कॅन्सरमुळे येणाऱ्या तीव्र थकव्यासाठी मान्यता दिली. हे होतं कसं, याचाही थोडाफार उलगडा झाला आहे. पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-1 हा ग्राहक (रिसेप्टर) बुरशीच्या बीटा-ग्लुकान साखळ्यांना पकडतो हे 2001 मध्ये दिसलं. बुरशी अंगात शिरली की शरीर तिच्या भिंतीवरच्या साखळीवरून तिला ओळखतं. तीच साखळी शुद्ध करून दिली तर प्रतिकारयंत्रणा जागी व्हावी, यात अशक्य असं काय आहे?

एवढं असताना 'सगळं थोतांड' म्हणणं म्हणजे न वाचताच निकाल देणं. शिवाय 'चिनी संशोधन म्हणजे खोटं' हा सरधोपट संशय एकदा चांगलाच महागात पडला असता. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटानं 1970 च्या दशकात क्विंगहाओ वनस्पतीतून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन काढलं. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यायला सांगितली आहे, उकळायला नाही. त्यावरून तू यूयूंना उष्णतेनं द्रव्य नष्ट होत असावं अशी शंका आली, आणि त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला. 1971 च्या ऑक्टोबरमधला 191 क्रमांकाचा तो नमुना उंदरांमधल्या मलेरियाच्या परजीवींवर पूर्ण लागू पडला. पुढे तो अर्क सुरक्षित आहे का हे बघायला त्यांनी तो आधी स्वतः घेतला. 2015 मध्ये नोबेल मिळालं. जगभर मलेरियाच्या रुग्णांना आज जी औषधं देतात, ती या कामातून आली आहेत.

परंपरेची बाजू घेणारे हे उदाहरण फार आवडीनं देतात. पण ते त्यांच्याच विरुद्ध जातं. गे होंगच्या ग्रंथानं दिला तो धागा. औषध ठरलं ते नमुन्यामागून नमुने नापास झाल्यावर, रेणू वेगळा करून, त्याची रचना ठरवून, रुग्णांच्या रक्तातले परजीवी मोजून. पॉलिसॅकराइडच्या बाबतीत नेमक्या याच पायऱ्या गाळल्या जातात. धागा सापडला की वस्त्र विणून झालं, असं धरून पाकीट छापलं जातं.

गाळलेली पहिली पायरी म्हणजे मार्ग. लेंटिनान उंदराच्या पोटात टोचलं होतं. माणसांना ते शिरेतून देत. अशा साखळ्या तोडणारी विकरं (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसतात आणि एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून अखंड असा रक्तात जवळजवळ जात नाही. मग टोचलेल्या द्रव्याचा परिणाम गिळलेल्या कॅप्सूलला कसा काय लागू होईल? तरीही गोजी या लाल फळाच्या, लिंगझीच्या आणि शीहू या ऑर्किडच्या पाकिटांमागचे शोधनिबंध काढून बघावेत. ताटलीतल्या पेशींवर थेट टाकलेला अर्क, उंदराला दिलेलं इंजेक्शन, हेच पुन्हा पुन्हा दिसतं. वर उल्लेख केलेलं तैवानचं औषधही इंजेक्शन आहे. त्याच्या भरवशावर हुआंगचीची पावडर विकणं म्हणजे इन्सुलिनच्या भरवशावर गोळी विकणं. आणि खुद्द लेंटिनानचं काय झालं? नव्या केमोथेरपीच्या जोडीला ते देऊन बघणाऱ्या, तीनशेहून अधिक रुग्णांवरच्या जपानी चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. क्रेस्टिनवर जपान सरकारनं 1989 मध्येच बंधन घातलं होतं: एकटं वापरायचं नाही, केमोथेरपीबरोबरच द्यायचं. 2010 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही दोन्ही औषधं जपानच्या बाजारातून गेली. लॅन्सेटमधला निष्कर्ष खोटा ठरला म्हणून नव्हे. उपचार पुढे गेले आणि जुन्या उपचारांबरोबरचा तो फायदा नव्यांबरोबर दिसेना. औषध म्हणून ज्याची रीतसर परीक्षा होते त्याच्या वाट्याला हे येतंच. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवतं' एवढ्यावर विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या वाट्याला ते कधीच येत नाही, कारण ती परीक्षेला बसलेलीच नसते.

लिंगझीच्या बाटलीबद्दल विचाराल तर त्याचंही उत्तर उपलब्ध आहे. कॅन्सरवरच्या लिंगझीच्या चाचण्यांचा, वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं 2012 मध्ये आढावा घेतला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या पाच निघाल्या, रुग्ण 373. केमोथेरपी किंवा रेडिओथेरपीच्या जोडीला दिल्यावर प्रतिसाद थोडा बरा दिसला, पण अभ्यासांचा दर्जा कच्चा होता, आणि मुख्य उपचार म्हणून लिंगझी वापरायला आधार नाही असा स्पष्ट निष्कर्ष निघाला. भाच्याचं 'शून्य' आणि बाटलीची बाजू घेणाऱ्याचं 'गाठ आटली', दोन्ही यात बसत नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची, आणि तिची चर्चा जवळपास होतच नाही. 1943 साली अमेरिकेत मरे शिअर या संशोधकानं सेराशिया नावाच्या जिवाणूतून एक पॉलिसॅकराइड वेगळं केलं. उंदरांच्या गाठींमध्ये ते टोचलं, नव्हे उंदराला कुठंही टोचलं, की गाठीत रक्तस्राव होऊन ती सडायची. कॅन्सरवरचं औषध सापडलं असं वाटावं अशीच ती घटना होती. प्रत्यक्षात ते द्रव्य म्हणजे जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं विष होतं, ज्याला आज आपण एंडोटॉक्सिन म्हणतो. त्यानं ताप येतो, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावतो. आता विचार करा. मुळं मातीतून येतात. मातीत, पाण्यात, काढ्याच्या भांड्यात, प्रयोगशाळेतल्या काचेवर जिवाणू असतात, आणि त्यांचं एंडोटॉक्सिन उकळल्यानं सहजी नष्ट होत नाही. अर्कात ते अत्यल्प प्रमाणात असलं तरी ताटलीतल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी खडबडून जाग्या होतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात, टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन सोडतात. म्हणजे नेमकं तेच करतात ज्याला शोधनिबंधात 'वनस्पतीजन्य पॉलिसॅकराइडचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम' म्हटलं जातं. हा परिणाम मुळाचा की मुळावरच्या मळाचा?

हे तपासता येतं. नालखेकड्याच्या रक्तापासून बनवलेल्या द्रावणानं एंडोटॉक्सिन मोजायची चाचणी औषध कंपन्या रोज करतात. पण त्यातही एक मेख आहे. त्या रक्तातली गोठण्याची साखळी एंडोटॉक्सिननं सुरू होते तशीच बीटा-ग्लुकाननंही, वेगळ्या घटकामार्फत, सुरू होते. त्यामुळे बुरशीचा अर्क तपासताना ती दुसरी वाट बंद करून मोजावं लागतं. हे सगळं करून, एंडोटॉक्सिन काढून टाकून, मग परिणाम उरतो का हे बघणारे काटेकोर अभ्यास आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या निबंधात या तपासणीचा उल्लेखच नाही, तो कितीही मोठ्या नियतकालिकात आलेला असो, त्यातल्या 'प्रतिकारशक्ती'च्या दाव्याला मी किंमत देणार नाही. वाचकांनीही देऊ नये.

मोजमापाचाच आणखी एक प्रश्न. पाकिटावर 'पॉलिसॅकराइड 30 टक्के' असं लिहिलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? सगळ्यात रुळलेली पद्धत 1956 सालची आहे. नमुन्यात फिनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात, नळी तापते, द्रव नारिंगी-पिवळा होतो आणि त्या रंगाच्या गडदपणावरून साखर किती ते काढतात. आम्ल साखळ्या तोडून टाकतं, त्यामुळे रंग साखरेचा येतो. ती साखर गोजीची, बटाट्याच्या स्टार्चची की स्टार्चपासूनच बनणाऱ्या स्वस्त माल्टोडेक्स्ट्रिनची, याचा त्या रंगाला पत्ता नसतो. चिनी औषधसंहितेत गोजीच्या फळात निदान 1.8 टक्के पॉलिसॅकराइड हवं अशी अट आहे, ग्लुकोजच्या हिशेबात. शीहूच्या एका मौल्यवान जातीसाठी मात्र संहितेनं आणखी एक अट घातली: 25 टक्के पॉलिसॅकराइड तर हवंच, शिवाय मॅनोज ही साखर 13 ते 38 टक्क्यांच्या दरम्यान असली पाहिजे. मॅनोज मोजलं की स्टार्चची भेसळ उघडी पडते. हे शहाणपण चीनच्याच शास्त्रज्ञांचं आहे, हे मुद्दाम नोंदवतो, कारण 'चिनी म्हणजे बेभरवशाचं' ही समजूत इथेही टिकत नाही. पण आपल्या बाजारातल्या पाकिटांवर त्या अटींचा मागमूस नसतो.

साखळ्या मोजण्यात ढिलाई झाली तर काय होतं, हे 2008 साली जगानं पाहिलं आहे. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन हेही पॉलिसॅकराइडच, डुकरांच्या आतड्यांतून काढलेलं. डुकरांच्या साथीमुळे कच्चा माल तुटला आणि चीनमधल्या पुरवठ्यात कुणीतरी एक स्वस्त, रासायनिक बदल केलेली साखळी मिसळली. त्या वेळच्या प्रमाणित चाचण्यांमधून ती खऱ्या हेपारिनसारखीच पार झाली. अमेरिकेत रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया आल्या, डझनावारी मृत्यूंची नोंद झाली, आणि चुंबकीय अनुनादाची तपासणी केली तेव्हा कुठं ती भेसळ पकडता आली. हेपारिन हे वर्षानुवर्षं वापरातलं, कडक नियमांखालचं औषध. त्याची ही गत, तर कुणाच्याच नियमात नीट न बसणाऱ्या 'आहारपूरक' भुकटीची काय कथा? प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. या साखळ्यांचा तसा नसतो. त्यांची लांबी, फांद्या, साखरांचं प्रमाण जात, माती, ऋतू आणि उकळण्याच्या वेळेनुसार बदलतं. एका घाण्याचा निष्कर्ष दुसऱ्या घाण्याला लागू करायचा तर आधी दोन्ही एकच आहेत हे दाखवावं लागतं.

यावर परंपरेच्या बाजूचा एक युक्तिवाद खरोखर वजनदार आहे, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. वैद्य म्हणतात, तुम्ही काढ्याचे तुकडे करता आणि मग तुकडा चालत नाही म्हणून काढ्याला नापास करता. आमच्याकडे हुआंगची एकटी कधी देतच नाहीत, ती योगात, म्हणजे इतर औषधींच्या मिश्रणात देतात, आणि रोग्याची प्रकृती बघून देतात. आतड्यात विकरं नसली म्हणून काय झालं, आतड्यात जिवाणू आहेत. साखळी त्यांना मिळते, ते बदलतात, आणि परिणाम तिथून होतो. यातला जिवाणूंचा भाग मला पटतो. आपल्या आतड्यातल्या काही जिवाणूंकडे वनस्पतींच्या साखळ्या तोडायला आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त जनुकं आहेत, आणि तोंडानं घेतलेल्या पॉलिसॅकराइडचा परिणाम होत असेल तर तो बहुधा इथूनच होत असणार. पण 'होऊ शकतं' म्हणजे 'झालं' नव्हे. सागरी शेवाळापासून बनवलेल्या अशाच साखळ्यांच्या औषधाला, जीव्ही-971 ला, चीननं नोव्हेंबर 2019 मध्ये अल्झायमरसाठी सशर्त मान्यता दिली. आधार होता 818 रुग्णांवरची, 36 आठवड्यांची चाचणी, आणि कारण सांगितलं गेलं ते आतड्यातल्या जिवाणूंचं. कल्पना आकर्षक होती. जगभर बातम्या झाल्या. पुढची आंतरराष्ट्रीय चाचणी 2022 मध्ये मध्येच थांबवण्यात आली. अल्झायमरच्या रुग्णांच्या घरच्यांनी त्या बातम्यांवर किती आशा लावली असेल, याचा विचार केला की 'नैसर्गिक आहे, घेऊन बघायला काय हरकत आहे' हे वाक्य मला सहन होत नाही.

काढा अखंडच तपासा, ही मागणी मात्र रास्त आहे. तपासता येतोही. योग ठरवा, घटकांचं प्रमाण बांधा, रुग्ण वैद्याच्या निदानानुसार निवडा, आणि मग चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना द्या, निम्म्यांना देऊ नका. प्रकृतीनुसार औषध बदलायचं असेल तर तेही चाचणीच्या नियमांत बसवता येतं. पण वैद्यांच्या पक्षाला दोन्हीकडून लाभ हवा असतो. काढ्याबद्दल विचारलं की म्हणतात तुमच्या पद्धतीनं मोजता येत नाही, आणि पाकीट विकायचं आलं की त्याच पद्धतीनं उंदरांवर केलेला निबंध पुढे करतात. दोन्हीपैकी एक काहीतरी सोडावं लागेल. पैशाची सबबही चालणार नाही. पेटंट मिळत नाही म्हणून चाचण्यांना कुणी पैसा लावत नाही असं म्हणतात, पण क्रेस्टिन, लेंटिनान, तैवानचं इंजेक्शन, जीव्ही-971, या सगळ्यांवर कंपन्यांनीच पैसा लावला. पैसा येतो, परीक्षेला बसायची तयारी लागते.

हा वाद चीनमध्येही असाच भरकटला होता. 1929 साली नानजिंग सरकारच्या आरोग्य समितीपुढे यू युन्शियू या डॉक्टरांनी जुनं वैद्यक बंद करण्याचा ठराव मांडला. 17 मार्चला शांघायमध्ये देशभरातले वैद्य जमले, ठराव बारगळला, आणि त्या दिवसाला राष्ट्रीय वैद्यक दिनाचं स्वरूप आलं. तेव्हापासून आजतागायत प्रश्न 'आमचं की त्यांचं' असाच मांडला जातो आहे. त्याआधी काही वर्षं बीजिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट हे दोघं माहुआंग या वनस्पतीतल्या एफेड्रिनचे परिणाम प्राण्यांवर शांतपणे नोंदवत होते. दम्याच्या रुग्णांना पुढे दशकानुदशकं जे औषध मिळालं ते त्या नोंदींमधून. ठरावानं किंवा मोर्चानं एकाही रुग्णाचा श्वास मोकळा झाला नाही.

'फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही' हा शेवटचा बचाव. गोजीचा चहा पिणाऱ्या आणि वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या रुग्णाचं रक्त धोकादायकरीत्या पातळ झाल्याची नोंद 2001 सालापासून वैद्यकीय साहित्यात आहे. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमाराला वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी मिश्रणात एका मुळाच्या जागी सारख्या नावाचं दुसरं मूळ गेलं आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यात दोष पॉलिसॅकराइडचा नव्हता, ॲरिस्टोलोकिक आम्लाचा होता. पण ग्राहक विकत घेतो ती अख्खी पुडी, त्यातला एक रेणू नव्हे.

उलट बाजूनं बघा. ईसबगोलाचा भुसा हे वनस्पतीजन्य पॉलिसॅकराइडच आहे. चमचाभर भुसा पाण्यात टाकून पाच मिनिटं थांबलं की पेल्यात जो घट्ट बुळबुळीत गोळा होतो तो त्याच साखळ्यांचा, आणि आतड्यातही तो तेच करतो: पित्ताम्लं धरून ठेवतो, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 1998 मध्ये, दिवसाला 7 ग्रॅम विद्राव्य तंतू या अटीवर, हृदयविकाराचा धोका कमी करण्याबाबतचा दावा छापायला परवानगी दिली. चिनी औषधसंग्रहातही याच कुळातल्या बिया चेछियानझी म्हणून वापरतात. मार्ग स्पष्ट, मात्रा स्पष्ट, दावा छोटा. 'प्रतिकारशक्ती', 'दीर्घायुष्य' असल्या शब्दांची त्याला गरज पडली नाही.

आपल्या गुळवेलीची गोष्टही चिनी मुळांच्या गोष्टीशी थेट जोडलेली आहे, म्हणून तिच्याकडे येतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये गुळवेलीच्या खोडातून ॲरॅबिनोगॅलॅक्टन जातीचं, प्रतिकारपेशींना चेतवणारं पॉलिसॅकराइड वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी, 1993 साली, परळच्या केईएम रुग्णालयातल्या गटानं अवरोधी काविळीच्या (पित्ताचा मार्ग अडल्यानं होणाऱ्या काविळीच्या) 30 रुग्णांवर गुळवेलीचा अर्क तोंडानं देऊन बघितला होता. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाला, गुळवेलीच्या गटात कुणालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण 40 टक्के आणि 92.4 टक्के. माणसं, तोंडाचा मार्ग, ठरावीक रोग, मोजलेला परिणाम: मी वर मागितलं ते सगळं यात आहे, फक्त संख्या लहान आहे. यावर मोठी चाचणी करायची सोडून कोविडच्या काळात आपण काय केलं? दारोदार गुळवेलीचा काढा उकळला, कुणी किती, कुठली वेल, किती दिवस, काही हिशेब नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं वेलीची ओळखच नीट पटलेली नाही, तिच्या जवळची दुसरी जात असेल, असा आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांमधून 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. पुन्हा तेच दोन पक्ष, पुन्हा तीच आरडाओरड, आणि केईएममधली ती 30 रुग्णांची चाचणी दोघांपैकी कुणालाच आठवली नाही.

आता करायचं आहे ते काम नेमकं आहे. वेलीची जात वनस्पतिशास्त्रज्ञानं ठरवायची, अर्कातली साखळी आणि एंडोटॉक्सिन दोन्ही मोजायची, यकृताच्या तपासण्या दर आठवड्याला करायच्या आणि अवरोधी काविळीच्या काही शे रुग्णांवर दोन-तीन रुग्णालयांत चिठ्ठ्या टाकून तीच चाचणी पुन्हा करायची. त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा ट्रॉम्बेला आहे, रुग्ण परळला येतात, आणि खर्च एखाद्या कंपनीच्या 'इम्युनिटी' जाहिरातींच्या खर्चापुढे काहीच नाही. आयुष मंत्रालयाला गुळवेलीची बाजू मांडायचीच असेल तर पत्रकं काढण्याऐवजी त्यांनी हा खर्च उचलावा.